लटारूची गाडी अन् पानाचा मोड

माह्या भावाचं नाव काढाल तर नीट काढा, हे आधीच सांगून ठेवते. लटारू दारू पिऊन गाडी हाकत होता असं म्हननारे लोक या गावात अजून हायेत, अन् त्याच लोकाइनं त्याच्या गाडीत फुकट बसून सिरोंच्याचे बाजार केले हायेत. आपलेच दात अन् आपलेच ओठ, कोनाले काय म्हनावं! पन मी त्याची मोठी बहीन, रंभा. मी जिती हाय तोवर त्याची गोष्ट तिरपी सांगू देनार नाई.

आमचं गाव आल्लापल्लीच्या खालच्या अंगाले, जंगलाच्या तोंडाशी. नागपूर तेव्हा राजधानी होतं, पन आमच्या रस्त्याले त्याचं काय! पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात फुफाटा. लटारू आधी बंडी हाके. मंग गुणवंतराव ठेकेदारानं मोठ्या लढाईनंतरच्या लष्कराच्या लिलावातून एक मोठी पिकप गाडी आनली. पुढे केबिन, मागे उघडा डाला. हिरडा, डिंक, मोहफुलं भरून सिरोंच्याले न्याची, येताना मीठ अन् कापड आनाचं. लटारू ते चालवाले शिकला अन् बंडी कायमची सुटली. तरी गाडी सुरू कराच्या आधी बॉनेटवर थाप मारे, बैलाच्या पाठीवर मारे तशीच. लोक हसत. हसू दे, त्याइच्या बापाचं काय जात होतं?

सिरोंच्याच्या वाटेवर पानाचा मोड लागते. रस्ता एकदम उजवीकडे फिरते, डाव्या हाताले खोल नाला, अन् नाल्याच्याच काठावर देव. देव म्हंजे गोट्याइचा ढीग. जंगलातले लोक त्याले पेन म्हनतेत, आमी मोडाचा देव म्हनतो. जानाऱ्या-येनाऱ्यानं हिरवी डहाळी तोडाची, देवावर टाकाची, हात जोडाचे, मंग पुढे जाचं. बंडी असो की मोटार, मोडाच्या अलीकडे सारे उतरत, डहाळी टाकून मोड पायी पार करत, अन् गाडी मागून रिकामी ये. ते रिकामी गाडीही अशी डुले की पाहनारा मागे सरके.

आता आमची भागीरथा. लटारूची बायको, सिरोंच्याची पोरगी. लहानपनी तापात तिचा एक पाय गेला. काठी घेऊन घरातलं सारं करे, सैपाकाले तर हात असा की बस! पन चढउतार आला की संपलं. मोडावर लटारू तिले पाठीवर घे अन् चाले. एकदा मागून कोनीतरी ओरडलं, "लटारू, पोतं सांभाळ बे, सांडन!" सारे खो खो हसले.  भागीरथा घरी आल्यावर चुलीपुढे बसून मले म्हने, "बाई, आता मी माहेरी जात नाई. माय मेली तरी नाई." अन् खरंच गेली नाई. तिची माय तिकडे एकटी, डोळ्यानं अधू. दर खेपेले लटारूजवळ निरोप धाडे, बिड्डाले, म्हंजे लेकीले, घेऊन ये. लटारू तो निरोप आने अन् सांगाले घाबरे. ज्याचं जळते त्यालेच कळते.

एका दिवशी मले म्हने, "बाई, मी हे गाडी अशी करतो की भागीरथा बसल्या जागेवरून मोड पार झाली पाह्यजे."

"गाडी का गोऱ्हा हाय, शिकवाले?"

"गोऱ्ह्यापक्षा बरी. सांगितलं ते तरी करते."

मंग लागला त्या गाडीच्या मागे. पह्यले त्यानं माल भरनं बदललं. हमाल सारं वजन डाल्याच्या शेपटाशी टाकत, उतरवाले सोपं म्हनून. लटारू म्हने, बंडी मागून भारी झाली की उलार होते, जू वर उठते, बैलाइच्या गळ्याले फास लागते. या गाडीचंही तसंच. मागे भार झाला की पुढची चाकं जमीन धरत नाई. स्टेरिंग फिरवा नाई तर देवाचा धावा करा, गाडी सरळ नाल्याकडेच जाते. त्यानं पोती केबिनच्या पाठीशी, खालीच लावली. डाल्याखालचे लाकडी ठोकळे काढून डाला खाली बसवला. मंग मागच्या चाकावरच्या कमानीत, म्हंजे स्प्रिंगात, जास्तीचा लोखंडी पाटा घातला, अन् फसला. मागचं अंग ताठ झालं, मोडावर गाडी शेपूट बाहेर फेके. त्या दिवशी घरी आला तर तोंडावर रगत नव्हतं, जेवलाही नाई. मी म्हटलं सोड बापा हे खूळ. सोडते कायचा! तो पाटा काढून पुढच्या कमानीत घातला. पाटे उसळू नये म्हनून पळसाच्या मुळीचा दोर आवळून गुंडाळला. लोहाराकडून जाड कडी करून चाकाइच्या मागे बसवली अन् चारही चाकं बाहेरच्या अंगाले सरकवली, गाडी फाकून उभी राह्यली पाह्यजे म्हने.

गुणवंतराव बोंबलले, "अबे लटाऱ्या, माही गाडी हाय का तुह्या सासऱ्याची बंडी?" पन पोती भरून स्वतः संगं बसले, मोडातून गेले, अन् परत आले ते पुढच्या खेपेचा माल भराले सांगत. केबिनमध्ये भरलेला लोटा ठेवला होता म्हनतेत. पानी हाललं, पन सांडलं नाई. लटारू घरी आला तो आंगनातूनच ओरडत, "भागीरथा, नाई डुलली वं! बिलकुल नाई डुलली!" मी त्याले एवढा खुश त्याच्या लग्नातही पाह्यला नव्हता.

दिवाळीच्या आधीचा बाजार होता. भागीरथा नवं हिरवं लुगडं नेसली. मीच तिले उचलून केबिनमध्ये बसवली, डाव्या बाजूले.

"राणी झाली का वं?" मी म्हटलं.

"झाली बाई. आज कोनाच्या पाठीवर नाई."

डाल्यात बाजाराचे लोक चढले. आमच्या गावचे, अन् जंगू भाऊच्या पाड्यावरचे. जंगू भाऊ म्हंजे त्या पाड्याचा पुजारी, भला मानूस. तोही डाल्यात होता, पुढचं सारं मले त्यानंच सांगितलं.

मोडाच्या अलीकडे लोक उतराले लागले, सवयच होती. लटारूनं केबिनमधून डोकं काढलं अन् म्हने, "बसा. कोनीच उतरू नका. आता काऊन उतराचं?" त्यानं असं काऊन म्हटलं, हे कोनी इचारलं नाई, पन मले माईत हाय. सारे उतरले अन् एकटी भागीरथा बसून राह्यली असती तर पुन्हा तेच झालं असतं, लंगडी म्हनून बसली. त्याले ते नको होतं. सारे बसले तर तीही साऱ्याइसारखीच.

लोक खुश! बसल्या बसल्या वरून लोंबनाऱ्या डहाळ्या तोडल्या. अन् गाडी ऐन मोडात आली तेव्हा डाल्यातले सारे, म्हातारे-कोतारे, लेकरं कडेवर घेतलेल्या बाया, सारे एका टायमाले उठले अन् डाव्या बाजूले वाकले. डहाळी देवावर पडाले पाह्यजे ना! उजव्या बाजूले एक जीव राह्यला नाई. अरे देवा! लटारूनं गाडी पोत्याइवर तपासली होती, मानसाइवर नाई. पोती कुठी हात जोडतेत?

गाडी डावीकडे झुकली ते झुकलीच. डाल्यातल्याइनं उड्या टाकल्या. कोनाचा हात मोडला, कोनाचं खरचटलं, पन सारे जगले. उडी मारता येत नव्हती अशी ते एकच होती. गाडी तिच्याच बाजूवर पडली. लोकाइनं बांबू लावून गाडी उचलली, तोवर भागीरथा गेली होती.

मी तिले घरून हसत पाठवली होती. काय सांगू पुढे!

जंगू भाऊ रडत रडत लटारूले म्हने, "देव रागावला बापू. बकरा दे."

लटारू म्हने, "देव नाई रागावला भाऊ. तुमी सारे एका बाजूले गेले."

"मंग देवाकडे नाई जाचं तर कुठी जाचं?"

 लटारूनं बकरा देला. पन ते एका बाजूले गेल्याचं बोलनं लोकाइले लागलं. आपल्या वाकन्यानं बाई मेली, हे कोनाच्या गळ्याखाली उतरते? त्यापक्षा डायवर पेला होता हे सोपं. पंधरवड्यात साऱ्या गावाले दारूचा वास आठवाले लागला. लटारूनं एकदाही नाई म्हटलं नाई. मी भांडत फिरली, तो मलेच म्हने, "राहू दे बाई, त्याइलेही झोप लागाले पाह्यजे."

तेरवी झाल्यावर तो पायी सिरोंच्याले गेला, सासूले सांगाले. परत आला तेव्हा मी इचारलं, "म्हातारीनं आकांत केला असन."

"नाई. मी सांगितलंच नाई."

मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, "अबे, गेला कशाले मंग?"

"सांगालेच गेलो होतो बाई. तिनं दारातच माहा हात धरला. गाडी सुधारली, दिवाळीच्या बाजाराले भागीरथाले आनतो, असा निरोप मी धाडला होता ना, साऱ्या गल्लीले सांगून ठेवलं होतं तिनं. म्हने, बिड्डा नाई आली? मी म्हटलं, ताप हाय, पुढच्या खेपेले आनतो. मंग मले इचारलं, तुही गाडी मोडावर आता डुलत नाई ना?"

"मंग?"

"म्हटलं, नाई डुलत."