किल्ली मावेल एवढं पाकीट

यंदा पेंढ्याची उडवी रचताना माझा जुना कापडी बटवा फाटला आणि त्यातली घराची किल्ली पेंढ्यात पडली. अर्धी वाडी पेंढा उपसत बसली. सापडली ती नेमकी माझ्या दिराला, भिकू भावोजींना. त्यांनी ती मुठीत धरली ती संध्याकाळपर्यंत सोडली नाय. चार माणसांसमोर मागितली तेव्हा दिली, पण वर बोललेच, "वैनी, तुमच्याच्यानं सांभाळवत नाय. आमच्याकडे राहू दे."

आता मी विधवा बाई, पोर नाय बाळ नाय, घर ह्यांच्या वाटणीचं. किल्ली तिकडे गेली की आधी त्यांची भाताची कणगी माझ्या माजघरात येईल, मग गुरं येतील, आणि मग मी त्यांच्या पडवीत भाकऱ्या थापीत बसेन. सगळं गोडीगुलाबीनं. म्हणून ठरवलं, रोज कमरेला राहील असं धड पाकीट घ्यायचं. ते मिळतं रत्नागिरीला. तिथवर जायचंच तर पुढे गणपतीपुळ्याचं दर्शन घेऊन यावं. एकटी बाई नको म्हणून भावोजींनी त्यांच्या बायकोला, शेवंतीला, माझ्या सोबतीला दिलं. हे एवढे प्रेमळ कधीपासून झाले गो, असं मी तिला पाखाडी उतरतानाच विचारलं. ती भराभर पायऱ्या उतरत पुढे गेली.

देवरूखपर्यंत पायी, तिथून रत्नागिरीची मोटार. माणशी बारा आणे घेतात. तुम्ही जाणार असाल तर पुढच्या बाकावर बसू नका, इंजिन मांडी भाजतं. मागे बसलात तर लाल धुरळा खाता. मधे बसा आणि तोंडात आवळ्याची सुपारी ठेवा. शेवंतीनं ठेवली नाय. हातखंब्याला मोटार पाणी घ्यायला थांबली तोवर तिनं सकाळची पेज कातळाला अर्पण केली होती. मोटारवाला म्हणाला, नवी दिसते. मी म्हटलं, नवी नाय रे, तीन पोरांची आई हाय, फक्त नवऱ्याच्या घराबाहेर नवी. त्यावर ती वायच हसली. माझी तर हाडं मोजून घ्यायची वेळ आली होती. वयाचा हिशोब मोटारीत बसल्यावर कळतो.

रत्नागिरीत माझ्या माहेरच्या ओळखीची एक म्हातारी आहे, तिच्या पडवीत उतरलो. पाठ टेकली असती तर मी उठलेच नसते, म्हणून तशीच बाजारात गेले. दुकानदारानं विचारलं, मुलासाठी पाकीट का? मी म्हटलं, माझ्यासाठी, का, मला कंबर नाय? तो बिचारा तीन गिऱ्हाइकांसमोर लाजला आणि सगळा माल पुढ्यात ओतला.

पाकीट कसं निवडावं ते सांगते, कारण बायका रंग बघतात आणि फसतात. दोरीचा बटवा दिसायला गोड, पण पाहिजे ती वस्तू कायम तळाशी, आणि डोक्यावर हारा-टोपली असली की एका हातानं उघडत नाय. कप्प्यांची चंची चांगली, पण घाईत सोडली की सगळं रस्त्यावर. पत्र्याची डबी चालताना वाजते, चोराला आवतण. मग खटक्याची चामडी पाकिटं. ती एका हातानं उघडतात, बंद झाली की टक् असा आवाज येतो आणि जिवाला बरं वाटतं. पण आमच्या घराची किल्ली लोखंडी, माझ्या तळव्याहून लांब. बायकांच्या पाकिटात ती कशी मावणार? शेवटी पुरुषमाणसं कागद ठेवतात तसलं एक लांबट पाकीट मिळालं. त्यात किल्ली तिरकी बसली.

मग काय न्यायचं, काय नाय, हा घोळ. बटवा फाटल्यापासून फडक्यात बांधलेलं सगळं दुकानाच्या चटईवर काढलं. सुपारीची खांडं, मिश्रीची पुडी, सुंठ, सुई-दोरा, तीन बटणं ज्यांचे सदरे कधीच फाटून गेले, आणि ह्यांची तपकिरीची डबी, रिकामी. दुकानदार म्हणाला, बाई, हे पाकीट आहे, फडताळ नाय. बटणं टाकली. सुई ठेवली. डबी आत घातली तर खटका लागेना. बाहेर काढली, परत घातली, परत काढली. शेवंती म्हणाली, द्या, मी धरते. ती पहिल्यांदा आपणहून बोलली म्हणून दिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना निघालो. साखरतरला तरीच्या होडीतून खाडी ओलांडली, पलीकडे बैलगाडी ठरवली. आरे-वाऱ्याच्या चढावर बैलांना जड जातं, तिथे उतरून चालायचं असतं. अंगात वारं शिरतं, एका अंगाला समुद्र, खाली उतरलं की पुन्हा समुद्र. लोक म्हणतात तिथे थकवा जातो. माझा काय गेला नाय, पण थकायला जागा बरी आहे. गाडीवान सारखा रिकाम्या चिमटीनं नाक चोळत होता. मी विचारलं, तपकीर संपली काय? त्याची डबीच खाडीत पडलेली. शेवंतीकडून घेऊन ह्यांची त्याला दिली. तो जपून ठेवीन म्हणाला. म्हटलं, जपू नको, भर आणि शिंक.

पुळ्याला एका घरी वस्तीला राहिलो. सकाळी अंघोळीला उठते तर शेवंती कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून. कावळा शिवला होता. आता देवाच्या दारापर्यंत येऊन दर्शन नाय. लग्नाला बारा वर्षं झाली, बाई पहिल्यांदा कुठे निघाली होती.

तिला देवळापासून लांब, माडाखाली बसवलं आणि मी निघाले. दारातल्या गुरवानं कमरेकडे बोट दाखवलं. चामडं बाहेर. एवढी दुकानं पालथी घालून, देवाला चालत नाय ते पाकीट घेऊन मी देवाला आले होते. दुकानात खटक्याचा आवाज ऐकत बसले, देव आठवलाच नाय.

परत माडाखाली आले. पाकीट ठेवायला माझ्या ओळखीचं तिथे दुसरं कोण होतं? पाकीट उघडलं, किल्ली काढली आणि पदरात बांधायला लागले. लोखंडाला देवाची ना नाय. शेवंती बघत होती. मला वाटलं तिला वाईट वाटेल, पण ती म्हणाली,

"घेऊन जा वैनी. ते बोललेत, जमलं तर किल्ली घेऊन ये. ती माझ्या हाती नसली म्हणजे मला खोटं बोलावं लागणार नाय."

"आणि असली तर?"

"असली तर काय करीन, ते माझं मलाच ठाव नाय."

एवढं खरं माझ्याशी ह्यांच्यानंतर कुणी बोललं नव्हतं. मी किल्ली पाकिटात घातली, खटका लावला आणि पाकीट तिच्यासमोर वाळूत ठेवलं. तिला शिवायचं नव्हतं, नायतर हातातच दिलं असतं.

पुळ्याला प्रदक्षिणा देवळाला नाय, अख्ख्या डोंगराला घालतात. कारण डोंगरच देव. वाट चांगली आहे, चपला मात्र काढाव्या लागतात. पायांना खडे टोचत होते आणि डोक्यात किल्ली टोचत होती. देवासमोर मी नुसते ओठ हलवले. अर्ध्या वाटेवर बसले तेव्हा वाटलं, आपण पंधरा वर्षं एका लोखंडाच्या तुकड्यावर पहारा करतोय, झोपेतसुद्धा. दमले होते मी, आणि ते मोटारीनं नव्हे.

परत आले तर माडाखाली कोणी नाय. पाकीटही नाय. वाळू बघत मी माडाभोवती दोनदा फिरले. मग लांब उंडणीच्या झाडाच्या सावलीत लुगड्याचा रंग दिसला. यात्रेकरू बायकांनी तिला वाटेतून उठवलं होतं. ती बसल्या बसल्या झोपली होती, तोंड उघडं, आणि पाकीट पोटाशी दोन्ही हातांनी धरलेलं, तान्ह्या पोराला धरतात तसं. मी तिला उठवलं नाय. शेजारी बसले आणि मीपण डुलकी काढली.

परतीच्या वाटेचं सांगण्यासारखं काय नाय. तीच खाडी, तोच धुरळा. मोटारवाल्याला शेवंतीचं सांगितलं असतं तर त्यानं दोघींना कातळावर उतरवलं असतं, म्हणून सांगितलं नाय. पाकीट मी मागितलं नाय आणि तिनं दिलं नाय.

अंगणात पाय ठेवला तर भावोजी पुढ्यात. प्रसाद राहिला बाजूला, आधी किल्लीची चौकशी.

शेवंती लांबूनच म्हणाली, "माझ्याकडे हाय."

त्यांचा चेहरा असा खुलला की मलाच हसू आलं. हात पुढे केला. ती म्हणाली, "मी बाहेरची हाय. अंघोळ होईपर्यंत माझ्या हातातलं घेऊ नये." हात तसाच मागे गेला. मग ती मला म्हणाली, "वैनी, गोठ्यात बसायचं तर डास फार हायत. तुमच्या पडवीत बसू?" आणि माझं दार तिनं उघडलं.

चौथ्या दिवशी न्हाऊन, ओल्या केसांनी, तिनं पाकीट आणि किल्ली उंबऱ्यावर आणून ठेवली. मी म्हटलं, किल्ली राहू दे तुझ्याकडे. ती घाबरली. त्यांनी हिसकावून घेतली तर?

"घेतली तर घेतली. तू दिलीस असं मी म्हणणार नाय."

बरेच दिवस झाले. भावोजींनी अजून घेतलेली नाय. पुढे घेतील की नाय, ते मी कशाला खात्रीनं सांगू. पण मी शेतावर असले की शेवंती येऊन दार उघडते, घटकाभर पाय पसरते, चुलीवर माझा चहा ठेवते. तुम्ही पाकीट घ्यायला जाल तर आधी देवाला जा, मग बाजारात. आणि मी घेतलं त्याहून वायच लहान घ्या. माझ्या पाकिटात आता सुंठ आणि सुपारी नुसती इकडून तिकडे घरंगळते.