नाना आधी आवाज मागायचे

मिक्सर असो की वॉशिंग मशीन, आमच्या मेहरूण भागातले दुरुस्तीवाले नाना पेचकस हातात घेण्याआधी घरच्या बाईला विचारायचे, "माय, हाई चांगलं व्हतं तवय कसं बोले? आवाज काढी दाखाड." आणि चांगल्या शिकलेल्या बायका लाजत लाजत "घुर्रर्र, घुर्रर्र" करायच्या! नाना डोळे मिटून ऐकायचे.

मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा माणूस. निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, सही घ्यायचा फॉर्म. स्पष्टच सांगतो, मला त्यांचा हेवा वाटायचा. मला बघून लोक विचारायचे, "मशीन सेंटरला नेणार? किती दिवस?" नाना आले की तेच लोक चहाचं आधण ठेवायचे. त्यातही नानांचा नियम होता, "वॉरंटी शे ना? मंग माना हात नको. कंपनीवाल्याले बलाव." म्हणजे वॉरंटी होती तोवर गिऱ्हाईक माझं, आणि संपली की जन्मभर त्यांचं.

एकदा आमच्याच घरचं वॉशिंग मशीन खडखडायला लागलं. मी ऐटीत सांगितलं, "मोटर गेली. पार्ट मागवतो, आठवडा लागेल." चार दिवसांनी कामावरून येतो तर मशीन मुकाट फिरतंय आणि आई नजर चुकवतेय. शेवटी बोलली, "नाना येऊन गेले. ड्रमखाली केसांची पिन अडकली होती."

"तू त्यांना आवाज काढून दाखवलास?"

"मग? तू विचारलंस का कधी?"

वर नानांनी तिला बजावलं होतं, "पोऱ्याले सांगजो, आपोआप चालू व्हयनं." माझा मान राहावा म्हणून, म्हणे! माझ्या अंगाची लाही लाही झाली. दोन दिवस मी आईशी धड बोललो नाही.

गेल्या उन्हाळ्यात नाना गेले. महिन्याभराने त्यांच्या बायकोचा, अक्कांचा, फोन आला. फ्रिज खडखडत होता. मी पोहोचलो तर म्हणाल्या, "ते सांगी गयात, माना मांगे त्या कंपनीवाल्या पोऱ्यालेच बलावजो. त्याना हात चांगला शे, फक्त इचारत नही."

मी पेचकस काढला आणि परत पिशवीत ठेवला. "अक्का, चांगला होता तेव्हा कसा बोलायचा?"

अक्कांनी डोळे पुसले, घसा साफ केला आणि हळूच आवाज काढला. मी डोळे मिटून ऐकला.

काडीचंही कळलं नाही. गेलेल्या माणसावर मी पुन्हा एकदा जळलो, आणि म्हणालो, "अक्का, परत काढा."