पहारीला लावलेला कान

प्रिय मुलांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत की आजोबा अंगणात खुर्ची टाकून, लोखंडी पहारीला कान लावून काय करत होते. तुमच्या बाबांनी हसून विषय बदलला. मी मात्र सांगणार आहे. त्याच दिवशी सकाळी आपल्या ड्रेनेजच्या मिस्त्रींच्या मुलीचा फोन आला होता. मिस्त्री गेले. तुम्ही त्यांना कधी पाहिलं नाही, आणि माझ्यानंतर त्यांच्याबद्दल नीट सांगणारं कुणी असेल असं मला वाटत नाही.

"आधी पान्याला इचारू." काम कुठलंही असो, ते पहिल्यांदा हेच म्हणत. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवायची, उकिडवं बसायचं आणि जमिनीकडे बघत हे वाक्य म्हणायचं. आजूबाजूचे लोक आपापली मतं सांगत असायचे. ते कुणाचंही खोडून काढत नसत आणि कुणाचं ऐकतही नसत.

सावेडीतलं हे घर आम्ही बांधलं तेव्हा जमिनीखालून चिनी मातीचे पाईप घालायची पद्धत होती. चाळीसएक वर्षांनी ते खचले. मोरीतून पाणी उलटं वर यायला लागलं, घरभर वास सुटला. एका कंत्राटदाराने पाहणी करून सांगितलं की लाईन हॉलखालून गेली आहे, हॉल आणि स्वयंपाकघराची फरशी फोडावी लागेल, तुम्ही दोन महिने दुसरीकडे राहा.

हे ऐकून मी हादरले. काचबिंदूने आजोबांची दृष्टी गेली त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. ते या घरात शहाबादी फरशीच्या सांध्यांवरून चालत. कुठली फरशी हलते, कुठली थंड लागते, हे त्यांच्या पायांना माहीत होतं. परक्या घरात ते पलंगावरून उतरले नसते, आणि परत आल्यावर गुळगुळीत नव्या टाईल्सवर त्यांना आपलंच घर ओळखू आलं नसतं. एका रात्री ते मला म्हणाले, "फरशी गेली की मी पुन्हा आंधळा होणार." तुमचे बाबा फोनवर म्हणत होते, घर विकून टाका. 

शेजारच्यांनी मिस्त्रींना पाठवलं. मूळचे पाथर्डीकडचे, पन्नाशी ओलांडलेले, बारीक अंगाचे. ते फाटकातून आत येत होते तेवढ्यात व्हरांड्यातून आजोबा म्हणाले, "पाहुण्यांचा उजवा बूट मोठा आहे."

मिस्त्री थांबले. "व्हय साहेब. भावाचा हाय. तुमाला कसं कळलं?"

"टाच उशिरा टेकते."

मिस्त्रींनी वाकून स्वतःच्या बुटाकडे पाहिलं. मग मी माझी फाईल आणली. घर बांधलं तेव्हा मी स्वतः काढलेला नकाशा त्यात होता. ड्रेनेज लाल शाईने, पिण्याचं पाणी निळ्या शाईने. मिस्त्रींनी हात पुसून तो घेतला, नीट पाहिला.

"अक्षर झ्याक हाय, बाई. पन पाईप कागदावरून चालत न्हाई."

मला राग आला. मी म्हटलं, नकाशात लाईन हॉलच्या कोपऱ्यातून बाहेर पडते, तिथेच खणा. त्यांनी वाद घातला नाही. दुपारपर्यंत कमरेएवढा खड्डा झाला. आत कोरडा मुरूम, पाईपचा पत्ता नाही. माझा चेहरा पडलेला पाहून ते खड्ड्यातूनच म्हणाले, "बाई, ही तर चांगली बातमी हाय. हितं पाईप न्हाई म्हंजी हॉलखाली बी न्हाई."

चुकल्याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

चहाला आजोबांनी त्यांना आत बोलावलं. ते दारातच उभे राहिले. "पाय घान हायेत, साहेब."

"मला दिसत नाहीत," आजोबा म्हणाले. "या आत."

मी त्यांच्यासाठी खुर्चीवर वर्तमानपत्र पसरलं. ते बेतानं कडेला बसले. दुसऱ्या दिवशी मी ते पसरलं नाही. हेही तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहार काढली. तिचं टोक जमिनीत रोवायचं, घरातल्या कुणी मोरीत बादली ओतायची, आणि वरच्या टोकाला कान लावून खालचं पाणी ऐकायचं, अशी त्यांची रीत. पण त्या दिवशी त्यांनी पहार आजोबांच्या हातात दिली. "माझा डावा कान बोअरच्या गाडीच्या आवाजानं खाल्ला. उजवा बी अर्धाच हाय. तुमी ऐका, साहेब."

आजोबांनी एकेका जागी कान लावला. मिस्त्री पहार आणि खुर्ची पुढे सरकवत होते, मी आतून बादल्या ओतत होते. चार जागा झाल्या. आजोबा प्रत्येक वेळी मान हलवून नाही म्हणत. पाचव्यांदा, घराच्या बाजूच्या बोळात, धुण्याच्या दगडाजवळ त्यांनी हात वर केला.

"बादली पुन्हा ओत," त्यांनी मला सांगितलं. मी ओतली.

"इथे पाणी वाहत नाहीये. पडतंय."

मिस्त्रींनी तिथे खणलं. दोन हात खोलीवर पाईपचा सांधा तुटून खाली पोकळी झाली होती आणि सगळं पाणी तिच्यात पडत होतं. बांधकामाच्या वेळी हॉलखाली खडक लागला असणार आणि गवंड्याने लाईन बाहेरून वळवली असणार, असं मिस्त्री म्हणाले. मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. मिस्त्रींनी बोळातून नवा पीव्हीसी पाईप टाकला, दोन चेंबर बांधले. आठवड्याभरात काम संपलं. घरातली एकही फरशी उचलली नाही.

मला वाटलं, आता मिस्त्री दिसायचे नाहीत. पण पंधरा दिवसांनी ते रिक्षा घेऊन दारात हजर. "साहेबांना जरा न्यायचं व्हतं. पलीकडच्या कॉलनीत एक लाईन घावत न्हाई."

मी म्हटलं, "अहो, त्यांना दिसत नाही. कुठे खड्ड्यात पडले तर?"

"बाई, तुमी टायमटेबल लिवून द्या. येळेवर आनून सोडतो."

आजोबा तोवर चपला घालून तयार होते. दोन वर्षांत ते दवाखान्याशिवाय कुठे गेले नव्हते. दोन तासांनी परतले ते पँटला माती लावून, आणि जेवताना सगळा वेळ कुणाच्या तरी तुंबलेल्या न्हाणीबद्दल बोलत होते. मी त्यांना थांबवलं नाही. त्यानंतर मिस्त्री महिन्यातून एकदोनदा येतच राहिले, अगदी या उन्हाळ्यापर्यंत. एक पहार आमच्याकडेच ठेवली होती, "साहेबांच्या हाताला बसलीय" म्हणून. अडलेल्या ठिकाणी आजोबा जायचे. येताना दोघं चौकात उसाचा रस प्यायचे, आणि आजोबांची साखर वाढली की मिस्त्री माझी नजर टाळायचे.

मिस्त्री झोपेतच गेले, असं मुलीने सांगितलं. वडिलांच्या मोबाईलमधला प्रत्येक नंबर लावून ती कळवत होती. फोन ठेवण्याआधी तिने विचारलं, "आजी, तुमचा नंबर त्यांनी 'कान' या नावानं का ठेवला होता?" मी तिला हे सगळं सांगितलं. ती थोडं हसली.

त्यांनी टाकलेला पाईप चांगला चालू आहे; परवा आजोबा पहारीला कान लावून तोच ऐकत होते. घरातली फरशी होती तशीच आहे. आजोबा अजून कुणाचा हात न धरता घरभर फिरतात.