खड्ड्यातले नळ

१. आज सकाळी सहाला आपल्या विश्रामबागेतल्या वसाहतीत नळाला पाणी आले. साडेसहाला गेले.
२. पाणी जाताना शेवटच्या ओळीतल्या पार्वतीकाकूंचा नळ उलटा आत ओढू लागला. त्यांचा नळ खड्ड्यात आहे. खड्ड्यात साचलेले खरकटे पाणी माझ्यासमोर नळात गेले.
३. काकूंच्या नातीला तीन दिवसांपासून जुलाब होत आहेत.

शेजाऱ्यांनो, पाणी तपासणे हे माझे रोजचे काम. आपले पाणी पिण्यास योग्य आहे, असे याच फलकावर मी गेल्या आठवड्यात लिहिले होते. त्या तपासणीसाठी पाण्याचा नमुना मी टाकीजवळच्या उंच नळाचा घेतला होता. चूक माझी आहे. दुपारभर कामात लक्ष लागले नाही.

मी काकूंना नळ वर घ्यायला सांगितले. त्या म्हणाल्या, "आवं बाई, वर घेतला तर थेंब येत न्हाई. पुढच्या ओळीनं खड्डं खणलं, मग आमी खणलं. तुमी पानी बाटलीत नेताय, आमाला ते प्यायचं हाय."

माझाही नळ खड्ड्यातच आहे, आणि मी पुढच्या ओळीत राहते.

सगळ्यांनी एकाच दिवशी नळ वर घेतले, तर पाणी शेवटच्या घरापर्यंत पोहोचेल असा माझा अंदाज आहे. खात्री नाही. तोवर पाणी उकळूनच प्या.

मी रविवारी सकाळी माझा नळ वर घेणार आहे. त्याच दिवशी कोण कोण घेणार, ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत या कागदाखाली नाव लिहून कळवावे.