अकराव्या मजल्यावरचे प्रवक्ते

बंदुकीबद्दल इतके बोललेला आणि बंदुकीपासून इतका लांब राहिलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. सिंगापूरच्या बुकित पंजांगला आम्ही नवव्या मजल्यावर आणि हे गृहस्थ अकराव्या. पेशाने संगणक अभियंते, मूळचे पुणे जिल्ह्यातले. पण भारतातल्या बंदूक परवानाधारकांच्या एका संघटनेचे ते बिनपगारी प्रवक्ते होते. तरुणपणी रायफल क्लबात जात, तेव्हा जडलेली ही हौस. सज्जन नागरिकाला परवाना सुखासुखी मिळाला पाहिजे, हे सगळ्या जगाला पटवायचा त्यांनी विडा उचलला होता. आणि राहायला निवडला असा देश, की जिथे खिशात एक काडतूस सापडले तर माणसाचे उरलेले आयुष्य बदलून जावे. म्हणून इथल्या मेट्रोत, एमआरटीत, ते बंदुकीला 'मावशी' म्हणत. "मावशीला घरात ठेवायला कलेक्टरची परवानगी कशाला, सांगा!" असे ते एकदा तावातावाने म्हणाले, तेव्हा समोर बसलेल्या एका मराठी बाईंचे डोळे भरून आलेले मी पाहिले आहेत.

मला स्वतःला बंदुकीचे काडीइतकेही प्रेम नाही, हे त्यांना ठाऊक होते. म्हणूनच तालमीला त्यांना मी लागे. भारतातल्या एखाद्या वाहिनीवर घरून, कॅमेऱ्यासमोर बसून चर्चा करायची असली की आदल्या दिवशी मी त्यांच्या सोफ्यावर बसून खवळलेल्या निवेदकासारखे ओरडायचे आणि त्यांनी शांतपणे उत्तर द्यायचे. समोर घड्याळ. उत्तर दहा सेकंदांत संपले पाहिजे, कारण अकराव्या सेकंदाला निवेदक तोंड उघडतो. कपडे फिकट निळे. काळ्या शर्टात बंदुकीवर बोलणारा माणूस खलनायक दिसतो म्हणे. त्यांच्याकडे असले सात शर्ट होते. आणि बोट कधीही उगारायचे नाही. "बोट उगारलं की फोटोत पिस्तूल दिसतं!" हा नियम अंगात इतका मुरला होता, की हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यासमोरसुद्धा ते बोट दाखवत नसत. हात पाठीमागे बांधून "डावीकडून तिसरी, हिरवी, जरा ओलसर" असे भाजीचे वर्णन करत उभे राहत, आणि मागची रांग वाढत जाई. "अंकल, विच वन? फास्ट लाह!" असे दुकानातली आंटी करवादली तरी त्यांचा चेहरा हसतमुख.

अडचणीच्या प्रश्नाला उत्तर न देता आपल्या मुद्द्यावर कसे यायचे, ही विद्या तर त्यांनी घरीही वापरायला काढली. वहिनींनी विचारावे, "दूध आणलंत का?" की हे म्हणणार, "प्रश्न महत्त्वाचा आहे. पण मूळ मुद्दा असा, की आपल्या घरात दूध इतकं लागतं का?" त्यांची शाळकरी मुलगी वैतागून ओरडे, "पप्पा, जस्ट आन्सर लाह!"

मी त्यांची पुष्कळ चेष्टा केली. पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. एकदा बंदुकीने मुलगा गमावलेल्या एका बापाने त्यांना चार शिव्या लिहून पाठवल्या. त्याला चार ओळींचे उत्तर लिहायला यांना तीन दिवस लागले, आणि त्यात परवान्याचा उल्लेखही नव्हता. "ज्याच्या घरातलं माणूस गेलंय, त्याच्याशी वाद घालायचा नाही," ते म्हणाले. त्या दिवसापासून मला हा माणूस मनापासून आवडू लागला.

बंदुकीच्या अपघातांच्या बातम्या मात्र येतच. त्यासाठी त्यांनी संघटनेला एक निवेदन लिहून दिले होते. घटना दुर्दैवी आहे, कुटुंबाच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, आणि शेवटी, दोष शस्त्राचा नसतो, ते निष्काळजीपणे हाताळणाऱ्या माणसाचा असतो. हे शेवटचे वाक्य देशभर चालले. त्याचा त्यांना अभिमान होता.

त्यांच्या धाकट्या भावाची गावाबाहेर पोल्ट्री आहे. चोऱ्या होत म्हणून त्याला परवाना यांनीच खटपट करून मिळवून दिला. खंडेनवमीला घरातली हत्यारे पुजायची रीत, त्यामुळे पाटावर कोयता, विळा आणि शेजारी बंदूक. गेल्या वर्षी यांच्या मनात आले, की या पूजेचा फोटो वर्तमानपत्रांना द्यावा. बंदूक म्हणजे घरातलीच एक वस्तू, असे लोकांना वाटले पाहिजे. माझ्यासमोरच त्यांनी भावाला फोनवर सांगितले, "नुसती बंदूक नको. तुझी बायको समोर हवी, हातात आरतीचं तबक. आणि बंदूक जरा कॅमेऱ्याकडे वळव, झेंडूचा हार दिसू दे."

पूजेच्या दोन रात्री आधी पोल्ट्रीत चोर आले होते. भावाने बंदूक भरून ठेवली होती आणि त्या गडबडीत रिकामी करायची राहिली. हार दिसावा म्हणून त्याने ती पाटावरून उचलून वळवली. समोर तबक घेऊन बायको उभी होती. गोळी सुटली, आणि ती जागीच गेली.

दुपारी वहिनींनी मला वर बोलावले. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. भाऊ पोलीस ठाण्यात होता. फोन संघटनेच्या सचिवांचे येत होते. संध्याकाळी एका वाहिनीवर याच घटनेची चर्चा होती, आणि गेलेली बाई प्रवक्त्यांची भावजय आहे हे वाहिनीला माहीत नव्हते. सचिव म्हणाले, "तुमचंच निवेदन वाचा, साहेब. दुसरं काही नको." म्हणजे सख्ख्या भावाला सगळ्या देशासमोर निष्काळजी म्हणायचे, आणि तेही त्याने आपल्या हाताने बायको गमावली त्या दिवशी. "नका जाऊ," मी म्हटले. त्यांनी ऐकले नाही. त्यांनी निळा शर्ट घातला आणि ते कॅमेऱ्यासमोर बसले.

निवेदकाने आरडाओरडा केला आणि शेवटी विचारले, "मग दोष कोणाचा?"

"माझा," ते म्हणाले. "ती माझी भावजय. परवाना मी मिळवून दिला. फोटो मी मागितला. बंदूक आधी रिकामी कर, एवढं सांगायचं मला सुचलं नाही."

तासाभरात संघटनेने त्यांचे नाव काढून टाकले. त्यांना विमानतळावर सोडायला मी गेलो. रांगेत उभे असताना त्यांनी मला विचारले, "तिथे गेल्यावर त्याच्याशी काय बोलू हो?"

तेरावे करून ते परत आले. मत बदलले का, असे विचारायचा मला धीर नव्हता, तेच एकदा आपणहून म्हणाले, "मत बहुतेक तेच आहे. पण ते सांगायला मला तोंड नाही."

भावावर खटला उभा आहे. पहिले दोन महिने तो यांच्याशी एक शब्द बोलला नाही. आता रोज संध्याकाळी त्याचा फोन येतो. बोलत कोणीच नाही. फोन टेबलावर ठेवलेला असतो, पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत असतो, आणि हे त्याच्यासमोर तासभर बसून असतात. मी कधी वर गेलो, तर वहिनी माझ्यापुढे चहा ठेवतात, आणि मीही त्या कोंबड्या ऐकत बसतो.