आप्पा भाकरी थापायला शिकले

मंडळी, आज दवाखान्यात मनसोक्त हसले! मी केडगावात फिजिओथेरपिस्ट आहे.

मांडवगणच्या मालनकाकूंना आमवात आहे. सकाळी बोटं इतकी आखडतात की भाकरी थापवत नाही. मागच्या महिन्यात त्या रडत म्हणाल्या होत्या, "आता घरात माझा काय उपेग?"

मी सांगितलं, "गोळ्या मनानं बंद करू नका, सकाळी हात कोमट पाण्यात धरा आणि जड कामं वाटून द्या."

आज त्या नवऱ्याला, आप्पांना, घेऊन आल्या. "भाकरी आता हेच थापत्यात. मी खुर्चीत बसून शिकवते!"

आप्पांनी हात पुढे केले. "म्याडम, आता माझी बोटं दुखत्यात. मलाबी व्यायाम सांगा."

मग दोघांनाही शेजारी बसवून बोटांचा व्यायाम शिकवला. काकू आप्पांच्या चुका काढत होत्या!

तुमच्या घरात दुखऱ्या हातांचं काम कोणी वाटून घेतलंय?