घोरणं थांबलं की

आमच्या चाळीत एक नियम होता : रातपाळी करून आलेल्या माणसाला उठवायचं नाही. सोलापुरात गिरणी कामगारांच्या घरोघरी तो पाळत. हातातून घागर निसटली तरी बाई जीभ चावायची. बहात्तरच्या दुष्काळानंतर मी मंद्रूपहून लग्न होऊन आले, तेव्हा चूल दाखवायच्या आधी सासूनं मला हाच नियम सांगितला.

माझा नवरा सकाळी यायचा, भाकरी खाऊन आडवा व्हायचा आणि असा घोरायचा की शेजारची पोरं त्याची नक्कल करत. मध्येच घोरणं एकदम बंद पडायचं. सासू समाधानानं म्हणायची, "आता कुटं गाढ लागली बग." मग आम्ही भांडीसुद्धा घासत नसू. जरा वेळानं तो गुदमरल्यासारखा आवाज काढायचा आणि पुन्हा सुरू.

एवढं झोपूनही तो मागावर उभ्या उभ्या पेंगायचा. मुकादमानं दोनदा दम दिला होता, तिसऱ्यांदा घरी बसवणार होता. मला काही उलगडेना. झोप कमी पडते म्हणावं, तर हा दिवसभर झोपतो. डॉक्टरनं रक्त कमी आहे म्हणून लाल औषध दिलं. सासूला वाटे, मीच त्याला नीट झोपू देत नाही. मला तिच्या या बोलण्याचा भयंकर राग यायचा. आणि मग वाटायचं, खरंच माझंच काही चुकतंय का?

एका दुपारी मी त्याच्या उशाशी लसूण सोलत बसले होते. घोरणं थांबलं. सवयीनं माझेही हात थांबले आणि लक्ष त्याच्या ओठांकडं गेलं. ते काळपट दिसत होते. छाती धडपडत होती, पण नाकाशी वारा नव्हता. उठवावं की नाही, मला समजेना. मी घाबरून सासूला हाक मारली.

"वरडतीस कशाला? झोपलाय की गं."

"आत्या, त्यांच्या नाकाशी हात धरा."

तिनं कुरकुरत हात धरला. मग तिनंच लेकाला दोन्ही हातांनी गदागदा हलवलं, "उठ की रं, उठ!"

तो मोठा श्वास ओढत दचकून उठला. "जरा डोळा लागला तर काय हे!" म्हणून आमच्यावरच चिडला आणि कुशीवर वळून पुन्हा झोपला. कुशीवर श्वास सरळ चालत होता. का, ते कळेना. पण पुढं तो उताणा होऊ नये म्हणून मी त्याच्या बंडीला पाठीमागं गिरणीतली सूत गुंडाळायची रिकामी लाकडी कांडी शिवली, आणि त्याचं पेंगणं बरंच कमी झालं. श्वास अडकून सारखी झोप मोडायच्या या दुखण्याला नाव आहे, हे कळायला कितीतरी वर्षं गेली.

त्या दुपारी सासू बराच वेळ त्याच्याकडं बघत बसली. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "ल्हानपनापासनं असंच थांबतंय गं त्याचं. आन् मी निवांत कामाला लागायची."